लांबचे आणि जवळचे

दोन सारख्या किमतीच्या वस्तू समोर ठेवून त्यांतली एक उचला, असे कुणी म्हटले की माझी त्रेधा उडते. छत्री घ्यायला गेलो तर लांब दांड्याची की घडीची, या प्रश्नात पावसाळा संपतो. बायको निवडण्याचे काम आमच्या वडीलधाऱ्यांनी परस्पर उरकले, ही देवाची कृपाच म्हणायची. नाहीतर मी अजून दोन पत्रिका हातात धरून पुण्याच्या एखाद्या चौकात उभा दिसलो असतो.

असा मी २०१८ साली बँकेतून निवृत्त झालो. सहकाऱ्यांनी शाल, श्रीफळ आणि एक पाकीट दिले. पाकिटातल्या रकमेत पदरचे थोडे घालून कॅमेरा घेणार, असे मी घरी जाहीर केले. चिरंजीव म्हणाले, "बाबा, फोनमध्ये आहे की!" फोनमध्ये घड्याळ आहे, कंदील आहे, पंचांगही आहे. पण माझ्या मनात कॅमेरा होता तो फार जुना.

लहानपणी आमच्या मामाजवळ अग्फाचा क्लिक थ्री होता. बडोद्याला बनलेला, काळा, ठोकळ्यासारखा. त्यात रोळ घातला की बरोबर बारा चौकोनी फोटो निघत, तेरावा नाही. त्यामुळे मामा दिवाळीला वाईजवळच्या आमच्या गावी आला की त्या बारांची वाटणी होई. आजोबांचा एक, मुलांचा एक, नव्या जावयाचे दोन, दाराशी बांधलेल्या गाईचाही एक. आईचा मात्र एकही नाही. "आधी मुलांचा घे रे, मी येतेच," असे ती स्वयंपाकघरातून म्हणे आणि ती येईपर्यंत रोळ संपलेला असे. पंगतीच्या एका फोटोत पानात वाढणारा एक हात आला आहे. हातात दोन पाटल्या आहेत, त्यावरून तो आईचा, हे आम्ही ओळखतो.

आता आई चौऱ्याऐंशी वर्षांची झाली होती आणि गावच्या घरात धाकट्या भावाजवळ राहत होती. तिचा एक धड फोटो काढायचा, हा माझा एककलमी कार्यक्रम.

सौ.चा कार्यक्रम वेगळा होता. तिला पक्ष्यांचा नाद. पूर्वी आम्ही दर हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी पाहायला जात असू. मग तिचे गुडघे कुरकुरू लागले. होडीत चढणे संपले, टेकडीवर जाणे संपले. उरली ती तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आणि समोरच्या आवारातला उंबर. त्या उंबरावर दिवसभर तांबट टुकटुक करीत असतो. "आवाज ऐकू येतो हो, पण दिसत नाही मेला," असे ती म्हणे. त्या 'दिसत नाही'मध्ये तक्रार तांबटाविषयी किती आणि गुडघ्यांविषयी किती, हे मला कधी विचारवले नाही.

या दोन कार्यक्रमांसह आम्ही उभयता दुकानात गेलो. काउंटरमागच्या तरुणाने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. कंपन्यांची नावे मी सांगत नाही. दिवाळी अंकात त्यासाठी जाहिरातींची पाने वेगळी असतात. पहिला होता डीएसएलआर, नवशिक्यांसाठी काढलेला. त्याच्या पोटात एक आरसा असतो. भिंगातून आलेला उजेड आरशावरून उलटून वरच्या झरोक्यातून थेट आपल्या डोळ्यांत येतो. कळ दाबली की आरसा फटकन वर होतो आणि तोच उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. भिंग काढून दुसरे बसवता येते. दुसरा होता ब्रिज कॅमेरा. खिशातला छोटा कॅमेरा आणि हा आरशाचा मोठा कॅमेरा यांच्यामधला पूल, म्हणून ब्रिज. त्याचे भिंग निघत नाही, पण ते दुर्बिणीसारखे लांब होत जाते. म्हणून त्याला सुपरझूमही म्हणतात.

"काका, याचा झूम साठपट आहे," तरुण म्हणाला.

"आणि त्याचा?"

"बरोबर येणाऱ्या भिंगाचा तीनपट."

साठ आणि तीन! बँकेत जन्म गेलेल्या माणसाला यापुढे काय समजावायचे? पण तो पोरगा प्रामाणिक निघाला. त्याने सांगितले की साठपट म्हणजे वस्तू साठपट मोठी दिसते असे नव्हे. भिंगाचा सर्वांत लांबचा टप्पा सर्वांत जवळच्या टप्प्याच्या किती पट, एवढाच तो आकडा. निकॉनने २०१५ साली पी ९०० नावाचा ब्रिज कॅमेरा काढला, त्यात जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने २४ पासून २००० मिलिमीटरपर्यंतचे भिंग आहे. दोन हजारांना चोविसाने भागले की त्र्याऐंशी येतात, म्हणून तो त्र्याऐंशीपट. डीएसएलआरला ३०० मिलिमीटरचे वेगळे भिंग घेतले तरी त्याच हिशेबाने मजल जाते साडेचारशेपर्यंत. त्यापुढची भिंगे घ्यायला पाकीट नव्हे, बँकच लागते.

मी मनातल्या मनात ब्रिज कॅमेऱ्याच्या बाजूने खतावणी मांडत होतो, तोच त्याने नावेची बाजू काढली. डीएसएलआरचा सेन्सर असतो सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद आणि साडेपंधरा उंच. ब्रिज कॅमेऱ्याचा बहुधा सहा रुंद आणि साडेचार उंच. क्षेत्रफळात तेरापट अंतर! अंगणात परात ठेवा आणि वाटी ठेवा. पाऊस सारखाच पडतो, पण परातीत पाणी जास्त साठते. उजेडाचेही तसेच. शिवाय ते लांबणारे भिंग पुरते लांब झाले की त्याचे तोंड लांबीच्या मानाने अरुंद होते आणि उजेड आणखी कमी येतो. "उन्हात दोन्ही छान, काका. पण घरात, संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात हाच घ्या," असे म्हणून त्याने आरशाच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला.

म्हणजे प्रश्न असा ठरला. लांबचे पाहायचे की अंधारातले? तांबट की आई?

यात माझा थोडा स्वार्थही होता, तो लपवत नाही. आरशाचा कॅमेरा गळ्यात अडकवला की माणूस आपोआप कलावंत दिसतो. लग्नकार्यात लोक वाट देतात. त्याच्या आरशाचा तो 'खटॅक' आवाज ऐकूनच मला आपण निम्मे शिकलो असे वाटू लागले होते.

मी खिशात हात घातला आणि सौ.ला शोधले. ती दुकानाच्या दाराशी, ब्रिज कॅमेरा दोन्ही हातांत धरून रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे पाहत होती. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर एक पारवा बसला होता.

"अहो, त्याचा डोळा बघा! नारिंगी आहे नारिंगी," ती म्हणाली आणि हसली. तसे हसू मी भिगवणच्या होडीनंतर पाहिले नव्हते. मी ब्रिज कॅमेऱ्याचे पैसे दिले. आयुष्यात प्रथमच माझा निर्णय एका मिनिटात झाला आणि तो मी घेतला नव्हता.

दिवाळीला गावी गेलो. आमच्या माजघराला खिडकी नाही. आई संध्याकाळी तिथे खांबाला टेकून वाती वळत बसते. समईचा उजेड एका गालावर पडतो, दुसरा गाल अंधारात असतो. हाच फोटो मला हवा होता. मी कळ दाबली. चित्र हलले. पुन्हा दाबली. हलले नाही, पण तोंडावर रवा उधळल्यासारखे दाणेच दाणे. फ्लॅश टाकला, तर मोतीबिंदू काढलेले तिचे डोळे दिपले आणि ती म्हणाली, "अरे, विजा कसल्या पाडतोस?" दुकानातल्या पोराने आगाऊ सांगितले होते, म्हणून कुणाला बोल लावायलाही जागा नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही. तांबटाला मत देऊन मी आईला पुन्हा तेराव्या फोटोत ढकलले होते.

सकाळी सौ. म्हणाली, "त्याला उजेड लागतो ना? मग आईंनाच उजेडात आणू."

इतकी साधी गोष्ट! ओसरीच्या पायऱ्या उतरून आई गेल्या कित्येक महिन्यांत अंगणात आली नव्हती. भावाने आणि मी तिला खुर्चीसकट उचलले. तिने आधी लुगडे बदलले, केस विंचरून घेतले आणि "सांडाल रे मला" म्हणत तुळशीपाशी येऊन बसली. कोवळ्या उन्हात मी तिचे पाच-सहा फोटो काढले. प्रत्येक सुरकुती स्पष्ट आली.

मग तिने समोरच्या डोंगराकडे बोट केले. वर देवीचे देऊळ आहे. लग्न होऊन आल्यापासून दर नवरात्रात ती चढून जाई. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून पंधरा वर्षे खालूनच हात जोडत होती. मी कॅमेरा तुळशीवृंदावनावर टेकवला आणि भिंग लांब केले. पुरते लांब केले की हाताचा एवढासा कंपही चित्राला भूकंपासारखा होतो. दुपार असती तर तापलेल्या हवेत देऊळ पाण्याखालचे दिसले असते; सकाळ होती म्हणून साधले. मागच्या पडद्यावर कळस आला, ध्वज आला, दाराची चौकट आली. आईला पडदा दाखवला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पत्र्याची शेड कुणी घातली रे तिथे? पायरीवर सावली येई ती गेली की." आणि जरा थांबून, "चौकटीला रंग बरा दिलाय."

आई २०२१ साली गेली. अंगणातला तो फोटो भिंतीवर आहे. येणारे जाणारे म्हणतात, अगदी हुबेहूब. मी मान हलवतो. कारण मला जी आई आठवते, ती समईपाशी अर्ध्या उजेडात बसलेली. आणि ती माझ्याजवळ नुसत्या दाण्यांची आहे. तो फोटो मी पुसलेला नाही.

ज्या आरशासाठी मी झुरलो, त्याचेही दिवस भरत आले होते. त्याच २०१८ साली कॅनन आणि निकॉन या दोघांनीही मोठ्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे काढले आणि आता नवे येतात ते बहुतेक तसलेच. कधी वाटते, आरशाचाच घ्यायला हवा होता. समईचा फोटो आला असता. पण मग आईला अंगणात कशाला आणले असते?

गॅलरीतून सौ. हाक मारते आहे. तांबटाने उंबराच्या वाळक्या फांदीत ढोली कोरायला घेतली आहे म्हणे, आणि पडद्यावर त्याच्या चोचीला लागलेला भुसादेखील दिसतो आहे.