अर्धी बादली पाणी

कारध्याच्या पुलावर सायंकाळी उभे राहिले की वैनगंगेचे पात्र डोळ्यांत मावत नाही. भंडारा शहरालगतचे हे गाव पावसाळ्यात साऱ्या जिल्ह्याच्या तोंडी असते, कारण नदीची पातळी इथे मोजली जाते. पूर चढू लागला की इंग्रजी अमदानीतला जुना, ठेंगणा पूल आधी दिसेनासा होतो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस तर नदी शहरातल्या वस्त्यांत शिरली आणि कित्येक कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडावे लागले. गोसीखुर्द धरणाचा फुगवटा मागे सरकत आल्यापासून भर उन्हाळ्यातही या पात्रात पाणी दिसते.

मी मूळचा वसईचा, सेवेच्या निमित्ताने विदर्भात आलो. तिथे समुद्र, इथे नदी. त्यामुळे माझे सारे आयुष्य पाण्याच्या सोबतीने गेले आहे. परंतु रोज पाणी पाहणाऱ्याला पाण्याची किंमत कळतेच असे नाही. मला ती कळली वाळवंटात, घोड्याच्या पाठीवर, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यानंतर.

सेमिनरीतला माझा एक सहाध्यायी पुढे संसारी झाला आणि राजस्थानात स्थिरावला. दर हिवाळ्यात तो काही मित्रांसह चार दिवस घोड्यावरून वाळवंट फिरतो. ‘यंदा तूही चल’ हा त्याचा आग्रह मी अनेक वर्षे टाळीत आलो होतो. माझे घोडेस्वारीचे भांडवल ते काय! वसई स्टेशनावर टांगे उभे असत त्या काळात मामांच्या टांग्याचा घोडा सुटला की त्याच्या उघड्या पाठीवर बसून पाणवठ्यापर्यंत जायचे, एवढेच. पण दोन वर्षांपूर्वी नाताळची धावपळ संपल्यावर वार्षिक रजा घेतली आणि निघालो. मनात संत शार्ल द फुको होते. तरुणपणी फ्रेंच घोडदळात अधिकारी असलेला हा माणूस पुढे सहारात एकांतवासी झाला, १९१६ साली तिथेच मारला गेला आणि २०२२ साली संतपदाला पोचला. आपल्यालाही वाळवंटात थोडा एकांत लाभेल, असा माझा भाबडा हिशेब होता.

निघण्याच्या सकाळी वसईहून धाकट्या भावाचे पाकीट आले. वडिलोपार्जित वाडीतले बावखल बुजवून जागा बांधकामाला द्यायची होती. संमतिपत्रावर तिन्ही भावांच्या सह्या हव्या होत्या. बाहेर रिक्षा उभी होती. धर्मगुरूला जमीनजुमल्याशी काय करायचे आहे, असे म्हणत मी ओसरीवरच सही केली आणि जाता जाता पाकीट टपालात टाकले. त्या क्षणी मला स्वतःच्या अनासक्तीचा थोडा अभिमानही वाटला, हे आज कबूल केले पाहिजे.

जैसलमेरजवळ दोन दिवस सराव करून आम्ही पाच स्वार आणि दोन सईस निघालो. माझ्या वाट्याला लाली नावाची मारवाडी घोडी आली. या जातीच्या घोड्यांचे कान टोकाशी आत वळून एकमेकांना भिडतात, आणि रेवाल चाल साधलेला घोडा स्वाराला धक्का न देता वाऱ्यासारखा निघतो. लालीलाही ती चाल येत होती, परंतु बसणाऱ्याला बसता यायला हवे ना! पहिल्याच दिवशी लोदुर्व्याच्या जुन्या राजधानीपर्यंत जाताना माझ्या मांड्या रिकिबीच्या वादीने सोलून निघाल्या. सईस रोज संध्याकाळी घोड्यांना खरारा करून चंदीचे तोबरे बांधी आणि मग माझ्याकडे हळद-तेलाची वाटी सरकवी.

आम्ही ज्याला वाळवंट म्हणतो त्यात वाळूच्या टेकड्या थोड्या आणि खडकाळ माळ फार. दुसऱ्या दिवशी कुलधरा या पालीवाल ब्राह्मणांच्या ओसाड गावातून गेलो. छपरे नसलेली शेकडो घरे उन्हात उभी होती. एकोणिसाव्या शतकात हे लोक गाव सोडून गेले. त्यामागच्या कथा अनेक आहेत. परंतु त्यांनी रूढ केलेली खडिनाची रीत अजून जिवंत आहे. खडकाळ उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी जिथे सखल भागात येते तिथे मातीचा लांब बांध घालायचा, पाणी जमिनीत मुरू द्यायचे आणि त्या ओलाव्यावर गहू-हरभरा पेरायचा. वर्षाकाठी दोनशे मिलिमीटरच्या आत पाऊस पडणाऱ्या मुलखात, करड्या माळाचा चढ ओलांडताच समोर हिरवागार गहू डोलताना दिसला, तेव्हा घोडीनेही कान टवकारले. मरूद्यान म्हणजे खजुराची झाडे आणि झरा, असे चित्र आपण निर्गमाच्या पुस्तकातील एलिमपासून मनात बाळगलेले असते. हे मरूद्यान माणसांनी हातांनी घडवले होते आणि शतकानुशतके राखले होते.

तिसऱ्या दिवशी सामानाची आणि पाण्याची जीप वाळूत रुतली. आम्ही पुढे निघून गेलो होतो. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागते. दुपारपर्यंत लालीचे ओठ कोरडे पडले आणि ती लगाम चावू लागली. अखेर चार-पाच झोपड्यांची एक ढाणी लागली. तिथे एका म्हाताऱ्या बाबांची बेरी होती. बेरी म्हणजे माणूस जेमतेम आत उतरेल एवढी अरुंद विहीर. वाळूखाली काही ठिकाणी खडूसारख्या दगडाचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते, त्या थरावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. वाळूला भेगा पडत नाहीत म्हणून ही ओल उडूनही जात नाही. विहीर खणली की ती थेंबाथेंबाने आत पाझरते. खणणारा आत गुदमरू नये म्हणून वरचे लोक मुठीमुठीने वाळू खाली फेकतात. त्या झोताबरोबर ताजी हवा तळाशी पोचते. एवढा खटाटोप करून दिवसाकाठी मिळतात दोन-तीन घडे पाणी. म्हणूनच तोंडावर लाकडी झाकण असते आणि झाकणाला कुलूप.

बाबांनी कुलूप काढले, दोर सोडला आणि अर्धी बादली पाणी ओढले. ती बादली त्यांनी आधी घोडीपुढे धरली. जनावराला मागता येत नाही, एवढेच ते म्हणाले. मग मला लोटाभर पाणी दिले. मी प्यालो आणि लोट्यात उरलेले घोटभर पाणी सवयीने बाजूला फेकून दिले.

कोणी काही बोलले नाही. बाबांची सात-आठ वर्षांची नात मात्र वाळूवरच्या त्या ओल्या डागाकडे, तो सुकेपर्यंत, पाहत राहिली.

सावलीला बसल्यावर बाबांनी विचारले, ‘फादरसा, तुमच्या गावी पाणी कसले?’ मी उत्साहाने वैनगंगेचे वर्णन केले. भंडाऱ्याकडचे मालगुजारी तलाव सांगितले, कोहळी समाजाने बांधलेले. मग वसईची बावखले सांगितली. वाडीच्या पोटात खणलेले गोड्या पाण्याचे ते तळे, त्यावरचा रहाट, काठच्या केळी आणि पानवेली, पावसाचे पाणी पोटात घेऊन आसपासच्या विहिरी गोड ठेवण्याची त्याची किमया. बाबा ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारले, ‘त्याची राखण आता कोण करते?’

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सेमिनरीत असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा पाणी वाचवण्याच्या घोषणा देणाऱ्यांत मीही होतो. आणि आजोबांनी खणलेले बावखल मी रिक्षा थांबलेली असताना निकालात काढले होते.

परतल्यावर भावाला फोन केला. तो म्हणाला, ‘फादर, सह्या पूर्ण झाल्या त्याच आठवड्यात भराव पडला.’ त्याच्या आवाजात अपराध नव्हता, आणि का असावा? केळीच्या बागेवर घर चालेनासे झाले होते, मुलाला राहायला जागा हवी होती. यातले काही मी कधी विचारले नव्हते. विचारले असते तर कदाचित तिघांना मिळून दुसरी वाट सापडली असती.

तेव्हापासून मी स्वतःशी एकच हिशेब मांडतो आहे. अनासक्ती म्हणजे वस्तूवरचा हक्क सोडणे; मी सोडली होती ती काळजी. भंडाऱ्यातही हेच घडले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. हक्क बदलला ते न्याय्यच होते. परंतु त्याबरोबर पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची गावाची सवयही सुटत गेली आणि किती तलाव उथळ झाले! वैनगंगेचेच पाहा. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि तिथून फुगवट्यात येते. पुलावरून दिसणारे ते विस्तीर्ण पाणी भरपूर आहे, पण ओंजळीने पिण्याजोगे राहिलेले नाही. जे सर्वांचे, त्याच्या झाकणाला कुलूप लावणारा कोणीच नाही.

गेल्या मे महिन्यात वसईला गेलो होतो. बावखलाच्या जागी इमारत उभी आहे आणि तिच्या फाटकाशी सकाळी पाण्याचा टँकर येतो. शेजारच्या काकींनी विहिरीचे पाणी चाखायला दिले. मचूळ लागले. मी ते शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाच्या वाडीत बावखल उरले असेल, कोणाच्या शिवारात बोडी किंवा तलाव असेल. उद्या तुमच्याकडेही एखादा कागद येईल. मी तुम्हाला सही करू नका असे सांगणार नाही. घरोघरच्या अडचणी मला ठाऊक नाहीत. एवढेच सांगतो, रिक्षा थोडा वेळ थांबू द्या आणि सही करण्याआधी एकदा त्या काठावर जाऊन उभे राहा.