आगबोटीवरील दोन रात्री

मुंबईहून गोव्यास जाऊन येणाऱ्या विलासी आगबोटीवर आम्ही चौघे वर्गमित्र सहकुटुंब दोन रात्री राहून आलों, त्यास महिना लोटला. शेजारीपाजारी विचारतात, 'कसा काय झाला प्रवास?' मी 'उत्तम' म्हणून वेळ मारून नेतों.

आम्हां चौघांचें बालपण कोकण किनाऱ्यावरचें. कोकण रेल्वे १९९८ सालीं पुरती सुरू झाली. आमच्या लहानपणीं मुंबईचा राजमार्ग म्हणजे समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असें करीत दक्षिणेस जाई. धक्का नसेल तेथें ती खोल पाण्यांत उभी राही व उतारूंस न्यावयास पडाव येत. लाटेसरशी पडाव वर आला कीं खलाशी मुलांस दंडास धरून खालीं ओढीत. आई डोळे मिटून देवाचें नांव घेई. डेकवर सतरंजी पसरून, दशम्या खात, ओकाऱ्यांच्या वासांत रात्र काढावयाची. १७ जुलै १९४७ रोजीं रेवसच्या वाटेवर 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती हकीकत वडील मंडळी नेमकी बोटीवर, तीही काळोखांत सांगत! तरी तो प्रवास आम्हांस प्रिय होता. उजाडलें कीं किनारा सोबतीस असे.

नव्या बोटीचा बेत अण्णाचा. त्याचें घर जयगडचें. 'एकदां समुद्रावरून गांव पाहायचें,' येवढेंच तो म्हणाला होता.

बोट कसली, अनेक मजल्यांचें लग्नाचें कार्यालयच तें! आमच्या खोलीस खिडकी नव्हती. समुद्र पाहावा तर वर जावें, आणि वर ध्वनिवर्धकाचा कल्लोळ. मीं रघुवंश बरोबर नेला होता. तेराव्या सर्गांत राम विमानांतून सीतेस समुद्र दाखवितो, तो भाग खऱ्या समुद्रावर वाचण्याची हौस होती. एक श्लोक धड झाला नाहीं. बापूराव भोजनगृहांतून हलेना, नाना पत्त्यांत रमला. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, आमची बोट संध्याकाळीं सुटून सकाळीं गोव्यास लागे; परतीसही तेंच. सारें कोकण रात्रींत मागें पडावयाचें! हें आम्हां चार शहाण्यांपैकीं एकानेंही आधीं विचारलें नव्हतें.

दुसऱ्या रात्रीं जेवतांना मी अण्णास म्हणालों, 'तुझ्या हट्टापायीं आमचे पैसे पाण्यांत गेले.' श्लेषावर नाना हंसला. अण्णा ताटाकडे पाहत राहिला. बायकांनीं विषय बदलला.

झोप येईना म्हणून मध्यरात्रीं वर गेलों. गाणें थांबलें होतें. उजव्या कठड्याशीं अण्णा एकटाच उभा होता. फार लांब एक दिवा मिटत-उघडत होता.

'जयगडचा असेल का रे?'

मला कांहींच सांगतां येईना, तरी 'असेल' म्हणालों.

'वडिलांस मुंबईच्या इस्पितळांत नेलें तें बोटीनेंच. मी पडावांत चढूं लागलों, तर त्यांनीं मला घरीं पाठविलें. ते परत आले नाहींत. त्या दिवशीं बोटीवरून गांव त्यांस कसें दिसलें असेल, तें पाहायचें होतें.'

मीं माझी शाल त्याच्या खांद्यावर टाकली. दिवा दिसेनासा होईपर्यंत दोघे उभे होतों. क्षमा मागावयाची ती तेव्हांच. पण शब्द सुचले नाहींत, आणि मुंबईस उतरल्यावर सामानाच्या गडबडींत राहूनच गेलें. परवां त्यास पत्र टाकलें आहे. अद्याप उत्तर नाहीं.