वजाबाकीतला चंद्र

माझ्यासारख्या लहान दुर्बिणीवाल्याला लघुग्रहाचा चंद्र कधीच दिसत नाही. मुळात लघुग्रहच एक ठिपका. त्याच्याभोवती फिरणारा दगड त्या ठिपक्यातच विरलेला. हाती येते ती फक्त उजेडाची नोंद. एकामागून एक फोटो, शेजारच्या ताऱ्यांशी तुलना, आलेखावर एकेक बिंदू. ओबडधोबड लघुग्रह गिरकी घेतो तसा आलेख वर-खाली होतो. हा चढउतार नीट कळला की तो वजा करायचा. उरायला हवी सपाट रेघ. ती मध्येच खचली, तर सावध व्हायचं: एकाने दुसऱ्याला झाकलं असेल, नाहीतर सावली पडली असेल.

खचते ती किती? चंद्राचा व्यास मुख्य दगडाच्या एक-पंचमांश असेल तर चारेक टक्के. एवढं तर कॅमेऱ्यावरचा धुळीचा कणही करतो. म्हणून पहिल्या खळग्यावर मी विश्वास ठेवत नाही, दुसऱ्यावरही बेताचाच. 1978 साली हर्क्युलिना हा लघुग्रह एका ताऱ्यासमोरून गेला, तेव्हा तारा आणखी एकदा झाकला गेल्यासारखा वाटला आणि हर्क्युलिनाला चंद्र असल्याचा बोलबाला झाला. पुढे तो कुणालाच सापडला नाही. खात्रीचा पहिला चंद्र मिळाला इडाचा, 1994 मध्ये, तोही ‘गॅलिलिओ’ यानाने जवळून काढलेल्या फोटोत.

मी शोधतो ते लघुग्रह लहान आणि भरभर फिरणारे, अडीच तासांच्या आसपास एक गिरकी घेणारे. सूर्यप्रकाशाच्या रेट्याने वेग वाढत जाऊन अंगावरचा माल सुटतो आणि त्यातून चंद्र घडतो, असं मानतात.

डिडिमॉसचा चंद्र 2003 साली अशाच खळग्यांनी उघडा पडला. त्याची 11 तास 55 मिनिटांची फेरी मोठी खट्याळ. दोन फेऱ्या 23 तास 50 मिनिटांच्या, म्हणजे एकाच गावातून पाहणाऱ्याला रोज जवळपास तोच देखावा, फक्त दहा मिनिटं अलीकडे. लघुग्रह आपल्या आभाळात चार-पाच तासच असला आणि ग्रहणं नेमकी त्याबाहेर पडली, तर लागोपाठ जागरणं करूनही हात रिकामेच. मग पश्चिमेकडचा कोणीतरी लागतो. इथे उजाडतं तेव्हा युरोपात अजून रात्र शिल्लक असते.

26 सप्टेंबर 2022 रोजी ‘डार्ट’ यान त्या चंद्रावर आदळलं आणि फेरी 33 मिनिटांनी घटली. हेही खळग्यांच्या वेळांवरूनच कळलं, जोडीला रडार होतं. आता ग्रहण रोज सव्वा तास अलीकडे सरकतं. धडक दिली पृथ्वीच्या रक्षणाचा सराव म्हणून. एका गावातून पाहणाऱ्यांची सोय झाली ती फुकटात.