खुंटीवरचं सूप

परवाच्या रविवारी उपासना संपल्यावर मी टेबल आवरू लागत होते. प्रभुभोजनाचं ताट उचललं, तर रिकाम्या चिमुकल्या पेल्यांमध्ये एक पेला भरलेला. काठापर्यंत द्राक्षरस, कुणाचा हात न लागलेला. एखादा जास्तीचा भरला गेला असेल, असं म्हणून पाळकांच्या बायकोनं तो दारातल्या कण्हेरीच्या बुडाशी ओतला आणि पेले विसळायला घेतले. तिचं बरोबरही असेल. मला मात्र तो पेला संध्याकाळपर्यंत दिसत राहिला. न उचललेला पेला मी लहानपणापासून ओळखते.

तेव्हा आमच्या मंडळीत असे सुटे पेले नव्हते. एकच स्टीलचा मोठा प्याला सगळ्यांना. नवापूर तालुक्यातलं आमचं गाव, जिल्हा तेव्हा धुळे. नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला, खूप नंतर. कुडाच्या भिंती, वर कौलं, खाली सतरंज्या, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक पश्चिम खानदेशात आले, त्यांच्या कामातून जी छोटी छोटी चर्चं उभी राहिली त्यांतलंच एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. प्याला एका हातातून दुसऱ्या हातात जायचा. आईकडे आला की ती दोन्ही हातांनी धरायची, क्षणभर थांबायची आणि ओठांना न लावता शेजारी द्यायची. शेजारी बसलेली असायची माझी काकू. काकू प्यायची.

असं तीन वर्षं चाललं.

प्याला पुढे सरकवणं म्हणजे काय, हे आम्हा पोरांनाही कळत होतं. पौलानं करिंथच्या मंडळीला बजावलं आहे की आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच त्या भाकरीला नि प्याल्याला हात लावावा. ज्याच्या मनात कुणाविषयी अढी आहे, त्यानं घेऊ नये, असा आमच्या गावानं त्याचा सरळ अर्थ लावला होता. माझा राग वेगळाच होता. बोलणारी पिते आणि जिला लागलं ती कोरडी राहते, हा कसला न्याय?

काकूचं चार महिन्यांचं पोर ऐन पावसाळ्यात हगवणीनं गेलं होतं. नदी चढलेली, रस्ता तुटलेला, दवाखान्यापर्यंत नेताच आलं नाही. माती देऊन माणसं परतली तेव्हा अंगणात, सगळ्यांच्या देखत, काकू आईकडे बोट करून एक शब्द बोलली. डाकीण. आई आदल्या दिवशी त्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती, एवढंच निमित्त.

हा शब्द आमच्या भागात काय करतो, ते बाहेरच्या माणसाला एकदम कळायचं नाही. ती शिवी नाही. त्या एका शब्दापायी बाईला मारहाण झाली आहे, तिला गाव सोडावं लागलं आहे, जीवही गेला आहे. 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या मागे अशा किती बायांची दुखणी आहेत. बाप्तिस्मा घेतला म्हणून हा शब्द जिभेवरून पुसला जात नाही, हे मी त्या अंगणात पाहिलं. आमच्याकडे भांडणं मावचीत होतात आणि प्रार्थना मराठीत. तो शब्द मावचीत बोलला गेला, म्हणून तो जास्त आत गेला. पुढे काही झालं नाही. काका मध्ये पडला, पाळकांनी घरोघर जाऊन समज दिली, शब्द गावात पसरला नाही. पण आई त्या दिवसानंतर काकूच्या उंबऱ्यावर चढली नाही. हातपंपावर दोघींच्या कळश्या एकमेकींना लागायच्या, डोळे नाही.

‘अढी’ हा मराठी शब्द मला फार खरा वाटतो. भाताच्या पेंढ्यात आंबे पिकायला घालतात ती अढी, आणि मनात धरतो तीही अढी. अंधार, ऊब आणि कुणी हात न लावणं, एवढंच दोन्हीला लागतं. फळ आत आपोआप मऊ होत जातं. आंब्याच्या अढीत निदान आई दर दोन दिवसांनी हात घालून नासका आंबा बाहेर काढायची.

प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत ‘ऋण’ हा शब्द आहे. लहानपणी ती प्रार्थना म्हणताना मला सोसायटीचं कर्ज आठवायचं, नाहीतर मुकादमाची उचल. गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर कोयता घेऊन बारडोलीकडे ऊस तोडायला जायची. उचल पावसाळ्यातच घेऊन खाऊन संपलेली असायची. हंगाम सरला तरी ती पुरती फिटायची नाही, उरलेली पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. ऋण म्हणजे काय, हे आमच्या माणसांना देवळात शिकवावं लागत नव्हतं. ते सोडणारा कुणी असतो, हेच तेवढं नवीन होतं.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? उत्तरात येशू हिशोबच मोडून टाकतो आणि एका चाकराची गोष्ट सांगतो. धन्यानं त्या चाकराचं दहा हजार तालंतांचं कर्ज सोडलं, आणि बाहेर पडताच त्यानं आपल्या सोबत्याचा गळा धरला, शंभर दिनारांसाठी. या गोष्टीवर मी कितीतरी प्रवचनं ऐकली. बहुतेक सगळी सांगतात, बघा, शंभर दिनार किती क्षुल्लक! मला हे पटत नाही. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे त्याच शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या गोष्टीत आलं आहे. शंभर दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानं एका घराला वर्षाला जेवढ्या दिवसांच्या कामाची हमी दिली, बरोबर तेवढी. आमच्या गावात शंभर दिवसांची मजुरी बुडणं म्हणजे पोरीची शाळा सुटणं, बैल विकणं. एक तालंत सहा हजार दिनारांचा धरतात, म्हणजे दहा हजार तालंत हे सहा कोटी दिवसांचे कष्ट. त्यापुढे शंभर दिवस लहान आहेत, हे खरं. पण येशूनं एक दिनार म्हटलं नाही. त्याला मजुरीचा भाव माहीत होता. तुला लागलं ते खोटं आहे, असं तो त्या माणसाला सांगत नाही.

म्हणून ज्याचे शंभर दिवस बुडालेले नाहीत, त्यानं दुसऱ्याला क्षमा कर म्हणून सांगायला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या त्या वेळच्या पाळकांचा मला म्हणूनच आदर वाटतो. तीन वर्षांत त्यांनी आईला एकदाही विचारलं नाही. प्याला कोरडाच पुढे गेलेला त्यांना दिसत होता. ते कड पुसायचे आणि पुढे न्यायचे.

मग एका शनिवारी आईनं खुंटीवरचं सूप काढलं.

ते सूप काकूचं होतं. पोर जाण्याच्या आठवडाभर आधी आईनं तूर पाखडायला मागून आणलं होतं आणि ते राहून गेलं. तीन वर्षं ते आमच्या भिंतीवर होतं. आई ते वापरत नव्हती, परत देत नव्हती, आम्हाला हातही लावू देत नव्हती. त्यावर धूर बसून बांबूच्या पट्ट्या काळ्या पडल्या होत्या. कड एका बाजूला उसवली होती, तिथे काकूनंच कधीतरी लाल चिंधी शिवली होती. आईनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, उन्हात ठेवलं, कडेची चिंधी बोटानं दाबून पाहिली. मग त्यात तुरीची डाळ ओतली, नवी, घरच्या जात्यावर भरडलेली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, एवढंच ती म्हणाली. आणि डोक्यावर पदर घेऊन गेली. मी कुंपणापर्यंत मागे गेले होते. काकूच्या दारात दोघी उभ्या होत्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. फार बोलल्या नसाव्यात, कारण आई लगेच परतली.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार. प्याला आला. मी आईच्या गळ्याकडे बघत होते. घोट खाली गेलेला मला दिसला.

त्या शनिवारचं कोडं मला उलगडलं नव्हतं. मोठी झाल्यावर मत्तयाचा पाचवा अध्याय पुन्हा वाचताना थबकले. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट कर, असं तिथे आहे. मी इतकी वर्षं समजत होते की मनात राग असेल तर थांबायचं. तिथे उलटं आहे. तुझ्याविरुद्ध तुझ्या भावाच्या मनात काही आहे, असं आठवलं तर. आई दुखावलेली होती, त्यात शंका नाही. पण काकूचं पोर गेलं होतं आणि आई तिच्याकडे दुःखाला बसायला गेली नव्हती, एक दिवसही नाही. तिच्या जागी मीही गेले नसते. तरी तिथे एक रिकामी जागा होती, आणि घरात खुंटीवर काकूचं सूप. आईला हे वाक्य कुणी समजावलं असेल असं वाटत नाही, ती जेमतेम अक्षर लावून वाचायची.

क्षमेची आणखी एक गोष्ट मला आठवते. सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदा ओलांडून गेलं की मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातलं उदयनगर लागतं. तिथे केरळहून आलेली सिस्टर रानी मारिया आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवायच्या खटपटीत होती. 25 फेब्रुवारी 1995 ला इंदूरला निघालेल्या बसमध्ये समुंदरसिंह नावाच्या तरुणानं तिला चाकूनं भोसकून मारलं. तो जन्मठेप भोगत असताना 2002 साली तिची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिनं त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे रानीच्या घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी खटपट केली, 2006 साली तो सुटला. तो केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा रानीच्या आईनं त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. त्याच हातांचं. 4 नोव्हेंबर 2017 ला इंदूरमध्ये रानी मारियाला ‘धन्य’ घोषित केलं गेलं. मला त्या समारंभापेक्षा राखीचा दोरा मोठा वाटतो. आणि हेही सांगायला हवं की खटला चालला होता, शिक्षा झाली होती, अकरा वर्षं भोगून झाली होती. क्षमा ही फिर्यादीच्या जागी उभी राहिली नाही. आज आमच्या भागात कुणा बाईला तो शब्द ऐकावा लागला, तर मी तिला आधी पोलीस चौकीत घेऊन जाईन. सुपाचं तिचं तिनं बघावं, तिच्या वेळेनं.

आई म्हातारी झाल्यावर एकदा मी विचारलं, विसरलीस का गं ते?

“शब्द कुठं जातो? आहे इथंच,” ती म्हणाली. “व्याज थांबलं त्याचं.”

दोघी पुढे जिवाभावाच्या मैत्रिणी वगैरे झाल्या नाहीत. कोंबड्यांवरून भांडल्या, बांधावरच्या महूच्या फुलांवरून भांडल्या. पण दुखण्याखुपण्याला एकमेकींच्या घरी होत्या. काकू गेली तेव्हा तिला शेवटची अंघोळ आईनं घातली, रात्रभर उशाशी बसून ‘उपासना संगीता’तली गीतं म्हटली. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मी तिच्या पायाला तेल चोळत होते, तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं की त्या शनिवारी दारात काकूनं डाळ ओतून घेतली, सूप घेतलं आणि आत गेली. त्या दिवशी नाही, पुढच्या एवढ्या वर्षांतही नाही, तिनं माफी कधीच मागितली नाही.

“मागितली असती तर बरं वाटलं असतं,” आई म्हणाली.