मागील पानावरून पुढे

कोल्हापूर जिल्ह्यात गाळप हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यासाठी बिलं छापण्याच्या आमच्या कामाला पंधरवड्याची लय येते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे असतात, त्यामुळे बिलांची छपाई रखडून चालत नाही. टनेज, दर, सोसायटीची कपात, निव्वळ रक्कम. एकेक बिल तसं छोटंच. पण वीस हजार सभासदांची बिलं एका दमात काढायला घेतली की प्रोग्राम मध्येच मान टाकतो.

अशा वेळी रॅम वाढवा म्हणतात. मला ते पटत नाही. गव्हाणीत तालुक्याचा ऊस एकदम कोणी ओतत नाही. यार्डातून एकेक गाडी येते, रिकामी होते, निघून जाते. तसंच डेटाबेसमधून शे-दोनशे सभासद उचलावेत, त्यांची पानं फाइलीत लिहावीत आणि मेमरीतून सोडून द्यावीत. पान चित्र करून पाठवू नये: ६०० डीपीआयचं एक रंगीत ए-फोर पान मेमरीत १०० एमबीहून जास्त जागा खातं, तोच मजकूर अक्षरं म्हणून काही केबीत मावतो. कारखान्याचं बोधचिन्ह फाइलीत एकदाच असावं. २०० केबीचं चिन्ह वीस हजार बिलांवर नव्यानं चिकटवलं तर तेवढ्यानंच ४ जीबी होतात.

सगळ्यात चिवट दुखणं पेमेंट रजिस्टरवरच्या 'एकूण पाने' या आकड्याचं. तो शेवटचं पान होईपर्यंत कळत नाही, आणि त्या एका आकड्यापायी कितीतरी प्रोग्राम सगळी पानं उराशी धरून बसतात. पीडीएफमध्ये यावर सुंदर वाट आहे. कोणती वस्तू फाइलीत कुठं आहे, याची सूची फाइलीच्या शेवटी असते. म्हणून प्रत्येक पानावर एकाच चौकटीचा क्रमांक नुसता नोंदवायचा आणि ती चौकट सगळं संपल्यावर लिहायची. पहिल्या पानावरही आकडा बरोबर उमटतो! हे मला अजूनही फार देखणं वाटतं.

बेरजांची युक्ती तर आपल्या खतावणीतच आहे. कारकून पानाच्या तळाशी बेरीज मांडायचे आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर फक्त तेवढी घ्यायचे. गावाच्या, गटाच्या बेरजा मी तशाच चालवतो.

गोषवारा मात्र सगळ्यांना पहिल्या पानावर हवा असतो. पीडीएफमध्ये तो शेवटी लिहून क्रमात पहिला लावता येतो. डॉट मॅट्रिक्सवर ओळीओळीनं छापताना ही सोय नाही. तिथं गोषवारा शेवटी छापावा, फाडून घ्यावा आणि गठ्ठ्याच्या वर लावावा.