शिबिराला पालकांनीही यावं

पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये दिला. त्यानंतर पुस्तकं आली, गुण आले, प्रकल्पवह्या आल्या. जंगलाचं महत्त्व पटवणारी प्रतिकृती थर्माकोलची करायची, हा विनोदही बरीच वर्षं शाळाशाळांतून गंभीर चेहऱ्याने पार पडला. पण पुस्तकातून माहिती होते, ओळख होत नाही. ब्रिटनमध्ये अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांना चित्रं दाखवून नावं विचारली. 2002 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की आठ वर्षांपुढची मुलं आसपासच्या पशुपक्ष्यांपेक्षा पोकेमॉनची काल्पनिक पात्रं अधिक अचूक ओळखतात. मुलांची स्मरणशक्ती ठणठणीत होती. ती कशाच्या सहवासात वाढतेय, हा प्रश्न होता. त्यावर उतारा म्हणून आपल्याकडेही निसर्ग-शिबिरं निघाली. ती आखणं हेच माझं काम असल्यामुळे पुढची तक्रार माझ्याच व्यवसायाविषयी आहे: आम्ही मुलांना रानात नेतो आणि पालकांना बसपाशी निरोप देतो.

लुईज चावला या अभ्यासिकेने 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या केंटकीतील आणि नॉर्वेतील पर्यावरण-कार्यकर्त्यांना विचारलं, की तुम्ही या वाटेला लागलात कसे? उत्तरांत दोन गोष्टी सगळ्यात ठळक होत्या. एक, मोकळ्या निसर्गात घालवलेला वेळ. दुसरी, घरातली माणसं. नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीज यांनी 2006 मध्ये मांडलेला अभ्यास आमच्यासारख्यांना अधिक अवघड जाणारा आहे. अमेरिकी शहरांतल्या सुमारे 2000 प्रौढांच्या बालपणाचा त्यांनी धांडोळा घेतला. अकराव्या वर्षाआधी रानात भटकलेल्या, तंबूत राहिलेल्या मुलांची निसर्गाविषयीची आस्था मोठेपणीही टिकलेली दिसली. बागकामाचा परिणाम त्याहून कमी होता, आणि आखीव पर्यावरण-शिक्षणाचा ठोस संबंध दिसलाच नाही. आता, हा आठवणींवर बेतलेला अभ्यास आहे. त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मुळात आवड असलेल्या घरांतलीच मुलं रानात गेली असतील, असंही म्हणता येईल. म्हणू द्या. मग तर घराला वगळून चालणारच नाही! तीन दिवसांचं शिबिर मुलाला आयुष्यभराची आवड लावू शकत नाही. ते फार तर एका कुटुंबाला, आमच्याशिवाय पुन्हा बाहेर पडण्याइतकं धीट करू शकतं. शिबिराचं यश मी यावरच मोजेन.

हे मान्य केलं, की जागेची निवडही बदलते. ताडोब्याची सफारी वाईट नाही, पण तिथे जिप्सीतून उतरता येत नाही आणि वाघ दिसला नाही तर पैसे बुडाल्यासारखं वाटतं. पुण्याची वेताळ टेकडी, मुंबईचं संजय गांधी उद्यान, नागपूरचं गोरेवाडा, नाशिकजवळचं नांदूरमध्यमेश्वर इथे सुट्टीच्या सकाळी जाऊन दुपारी परतता येतं, आणि पुन्हा जाता येतं. निष्पर्ण काटेसावरीवर लाल फुलं आणि त्यांत भांडणाऱ्या साळुंक्या फेब्रुवारीत पाहाव्यात. पावसाच्या तोंडावर नवरंगाची शीळ ऐकावी. भाद्रपदात कातळावर सोनकी फुललेली बघावी. कारवी तर सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते: पाचवीत तिची फुलं पाहिलेलं मूल पुढच्या फुलोऱ्याच्या वेळी महाविद्यालयात असतं. असा हिशेब शिबिर ठेवू शकत नाही, कुटुंब ठेवू शकतं.

पालकांचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी बुडाले. बिबट्यापेक्षा मला पाण्याची धास्ती जास्त वाटते ती यामुळे. पालक सोबत आले म्हणून प्रशिक्षित गटप्रमुखाची गरज संपत नाही; अनोळखी पाण्यात पाय घालायचा नाही, हा नियम बापालाही लागू हवा. बिबट्याचं म्हणाल, तर सुमारे 104 चौरस किलोमीटरचं संजय गांधी उद्यान मुंबईच्या ऐन वस्तीला खेटून आहे. जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवलं. वन विभागाने 2011 पासून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ या उपक्रमातून रहिवाशांना तेच समजावलं: पिंजरा मागू नका, कचरा उचला, कारण कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. कचरा उचलणं आणि पिंजरा न मागणं हे निर्णय सोसायटीच्या सभेत होतात, शाळेच्या वर्गात नाही. तिथे मोठी माणसंच लागतात.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो: आणखी माणसं रानात नेऊन काय साधणार? पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर आणि काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याला काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती गर्दी ओळखीतून आलेली नाही. मोबाइलवर दिसलेला देखावा एकदा टिपून परतायचं, एवढ्यासाठी ती येते. शिवाय रान सगळ्यांना सारखंच परकंही नसतं. ठाकर किंवा महादेव कोळी घरातलं मूल शहरी मुलाच्या किती तरी आधी रानभाज्या ओळखतं, आणि आम्ही त्याच्या आईला शिबिरात फक्त पिठलं-भाकरीसाठी बोलावतो. तिला शिक्षकाचं मानधन द्यावं. खर्च वाढेल, चालेल, तंबूंची ऐट कमी करू.

या दिवाळीच्या सुट्टीत एखाद्या शिबिराची जाहिरात दिसली, तर आयोजकांना एवढंच विचारा: आमच्यासाठी जागा आहे का? नाही म्हणाले, तर फी वाचवा, मुलांना उठवा आणि सगळे मिळून जवळची टेकडी चढा.