नॅसच्या दोन डिस्क आणि नाशिकची आत्या

गेल्या महिन्यात आमच्या घरातला 'नॅस' रात्री टूं टूं करायला लागला. ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो: राउटरला जोडलेला हा छोटा डबा. आत दोन हार्ड डिस्क, घरातले सगळे फोटो त्यात. एकीवर जे लिहिलं जातं तेच दुसरीवर. मुलाने २०१६ साली बसवून दिला. आता मोबाइलवर संदेश आला की एका डिस्कवरचे खराब सेक्टर वाढताहेत.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, परत पूर आला का?"

सुरतकरांना याचा अर्थ लगेच कळेल. ऑगस्ट २००६. उकाई धरणाचं पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. आम्ही तेव्हा अडाजणला, तळमजल्यावर. पाणी उंबऱ्याला लागल्यावर मी काय उचललं? एफडीच्या पावत्या, पासबुकं, हिचे दागिने. बँकेतला माणूस ना! अल्बम कपाटाच्या खालच्या खणात राहिले. पाणी ओसरल्यावर त्यांचा चिखलाचा एक गोळा हाती आला. पावत्या हरवल्या असत्या तरी बँकेने डुप्लिकेट दिल्या असत्या. बाबांचे फोटो कोण देणार? पुढे कितीतरी वर्षं नातेवाइकांकडून एकेक फोटो मागून, स्कॅन करून ते पुन्हा जमवले. ते सगळं या डब्यात आहे.

मुलाला फोन केला. म्हटलं, एक बिघडलीय, एकच आणतो. तो म्हणाला, "बाबा, दोन्ही एकाच दिवशी घेतल्या होत्या." मग उजेड पडला. एकाच दिवशी ठेवलेल्या दोन एफडी पिकतात पण एकाच सुमाराला!

मजुरा गेटकडच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "काका, सस्तुं जोईए के टकाऊ?" स्वस्तातली होती साध्या कॉम्प्युटरची. ती खराब जागा वाचायला लागली की एकाच अक्षरावर अडून बसते, आणि डब्याला वाटतं ही मेली. तो तिला बाहेर काढतो. नॅसची डिस्क चटकन 'वाचता येत नाही' म्हणून मोकळी होते, मग डबा तेवढा भाग दुसरीवरून घेतो. शिवाय ती चोवीस तास चालण्यासाठीच बनवलेली असते.

दुसरी गोष्ट मुलाने बजावली होती: सीएमआर आहे का बघा. एसएमआर डिस्कमध्ये माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. कमी जागेत जास्त मावतं, पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. नवीन डिस्कवर सगळं पुन्हा उतरवताना हे काम फार रखडतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या काही 'रेड' डिस्क एसएमआर निघाल्या, तेव्हा बराच गदारोळ झाला. पुढे सीएमआरवाल्यांना त्यांनी 'रेड प्लस' असं वेगळं नाव दिलं. सीगेटच्या 'आयर्नवुल्फ' सीएमआरच असतात. मी दोन्ही कंपन्यांची एकेक घेतली, म्हणजे दोघी एकदम आजारी पडायच्या नाहीत. आकार जुन्याएवढाच, ४ टीबी. लहान चालत नाही, आणि एकच मोठी घेतली तर वरची जागा वाया जाते.

पण खरा धडा पुढे आहे. खराब डिस्क काढून नवीन बसवली की डबा उरलेल्या जुन्या डिस्कवरून सगळं उतरवून घेतो. त्या काही तासांत घरातली सगळी आठवण त्या एकाच म्हाताऱ्या डिस्कवर. म्हणून आधी एका बाहेरच्या डिस्कवर पूर्ण प्रत काढली, काही फोटो उघडून बघितले, मगच हात लावला. तरी रात्री तीनदा उठून दिवा हिरवा झाला का बघितलं. सकाळी झाला. मग तशीच दुसरीही बदलली.

ती बाहेरची डिस्क आता पुण्याला लेकीकडे आहे. हिने विचारलं, "दोन आहेत ना घरात, तिसरी कशाला?" मी म्हटलं, चुकून फोल्डर पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जातं, आणि पाणी आलं तर दोन्ही एकदम बुडतात. बँकेत स्ट्राँगरूमच्या डुप्लिकेट चाव्या आम्ही दुसऱ्या शाखेत ठेवायचो. नोकरीभर हा नियम पाळला, घरी मात्र सुचला नाही.

बाबांचा टोपी घातलेला तो एकुलता एक फोटो आज माझ्याकडे आहे, कारण त्याची एक प्रत नाशिकला आत्याच्या ट्रंकेत होती. आत्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं. पण आमची तिसरी प्रत तिनेच सांभाळली.

मंडळी, या रविवारी एक काम करा. तुमचे फोटो कुठे कुठे आहेत ते मोजा, आणि एक प्रत दुसऱ्या गावी पाठवा.